कानातले कण आणि बिनआरशाची बाइक

"काका, मेंदू ठणठणीत आहे. गडबड कानात आहे," डॉक्टर म्हणाल्या आणि मी एमआरआयचा लिफाफा मांडीवर धरून चक्क हसत सुटलो. शेजारी माझी बायको सुनंदा डोळे पुसत होती. आठवडाभर आम्ही दोघांनी एकमेकांना न सांगता ट्यूमरच गृहीत धरला होता.

झालं होतं असं. मी साठीचा, नेरूळला राहतो, कॉलेजपासून मोटारसायकल चालवतो, आणि चालवतो म्हणजे पळवतो. पाम बीच रोडवर लेन बदलताना मागे मान वळवली आणि अख्खा रस्ता गरगरला. बाइक आडवी झाली. गुडघा सोलवटला, डोकं हेल्मेटमुळे वाचलं. त्याआधी अंथरुणात कूस बदलताना छत फिरायचं, ते मी पित्तावर ढकललं होतं.

आजाराचं नाव बिनाइन पॅरॉक्सिस्मल पोझिशनल व्हर्टिगो. आतल्या कानात कॅल्शियमचे बारीक कण असतात. ते जागा सोडून भलतीकडे गेले, की मान वळवल्यावर मेंदूला चुकीची खबर जाते. "वय झालं की होतं असं," डॉक्टर म्हणाल्या. ट्यूमर नाही याच्या आनंदातही ते वाक्य मला झोंबलंच.

त्यांनी मला टेबलावर आडवं करून डोकं ठरावीक पद्धतीने वळवत नेलं. याला एपली मॅन्युव्हर म्हणतात. कण परत जागेवर जातात. आधी छत पुन्हा फिरलं, मग सगळं शांत झालं. औषधाची गोळीसुद्धा नाही.

"पण मागे बघायला एवढी मान का वळवता? आरसे नाहीत?"

नाहीत. आमच्या वेळी नवी बाइक घरी आली की पहिलं काम आरसे काढायचं. आरसे लावून फिरतात ते काकालोक, अशी आमची पक्की समजूत. स्वतः काका झालो तरी ती सोडली नव्हती.

"मी परत चालवू शकेन ना?" मी विचारलं. सुनंदा तोवर बाइक विकायच्या गोष्टी करायला लागली होती.

"आत्ता नको. पुन्हा तपासू, मग ठरवू. चालवलीत तरी आरसे लावून, हळू. हे उलटू शकतं."

पुढच्या तपासणीत चक्कर आली नाही आणि परवानगी मिळाली. त्या डॉक्टरांचे किती आभार मानावेत. तुमचंही घर असं फिरलं तर घाबरू नका, पण अंगावरही काढू नका.

आरसे लावून सीवूड्सला निघालो. माझ्यावर लक्ष ठेवायला सुनंदा मागे बसली. एक पोरगा सुसाट पुढे गेला. हात शिवशिवला, पण मी त्याला जाऊ दिलं. सुनंदा वाटभर बोलत होती. एरवी मागे बसली की गप्प असायची. मला वाटायचं, तिला वारा आवडतो.

उतरल्यावर म्हणाली, "अहो, हा रस्ता छान आहे की. आजवर मी डोळे मिटूनच बसायचे."