गटाराची डॉक्टर

"ह्या गटाराच्या डॉक्टर," आबांनी पावण्यांना माझी ओळख करून दिली. "आमच्या वैशालीच्याच वर्गातल्या. पण पेशंट तपासत न्हाईत. गटारं तपासत्यात."

कुणीतरी हसलं. आबांना चेव आला.

"जमणारच की! रक्तातच हाय त्यांच्या."

मग सगळेच हसले. कोल्हापुरात वैशालीच्या नव्या दवाखान्याचं उद्घाटन होतं. आबा तिचे वडील. ती माझी मैत्रीण. एमबीबीएसची सगळी वर्षं आम्ही एका बाकावर काढली. मी तिच्याकडं बघितलं. तीही हसली. थोडंसंच. पण हसली.

माझ्या हातात पेढा होता. तो मी खाल्ला.

आम्ही शिरोळकडचे. बौद्ध. माझे वडील जन्मभर दुसऱ्याच्या उसात राबले. मलाही बाळंतपणं करायची होती, वैशालीसारखी. एमबीबीएसनंतर त्या विषयाची सरकारी कॉलेजातली जागा माझी हुकली. तिचीही हुकली. तिच्यासाठी आबांनी बाहेरच्या कॉलेजात जागा विकत घेतली. मला उरला तो विषय, ज्याला आमच्या बॅचमधलं कुणी हात लावत नव्हतं. रोग होऊच नये म्हणून काय करायचं, त्याचं शास्त्र. पाणी, लस, डास, संडास. तरी 'कोट्यातली' मीच. तिच्या जागेला कुणी नावं ठेवली नाहीत.

जळायची मी. खोटं कशाला सांगू? तिच्या दारावरच्या पाटीवर जळायची. तिच्या पाया पडणाऱ्या बाळंतिणींवर जळायची. माझ्या पाया कोण पडणार? ज्याला कावीळ झालीच नाही, त्याला ती का झाली नाही हे कुठं ठाऊक असतं?

पुढं मी तालुक्याची आरोग्य अधिकारी झाले. एका वर्षी कृष्णेचा पूर ओसरला आणि आबांच्या गावात कावीळ आली. आधी आमच्या लोकांच्या वस्तीत. तिथली सुजाता पोटुशी होती, दिवस भरत आलेले. तिला वैशालीकडं नेली. वैशालीनं शर्थ केली. पोर गेली. पोटातलं बाळही गेलं.

पेपरात वैशालीचा फोटो आला. पूरग्रस्तांची सेवा केली म्हणून. तो बघून मी पेपर चुरगाळला. तो राग सुजातासाठी किती आणि त्या फोटोपायी किती, मला आजही सांगता येत नाही.

गावात फिरून मी शोध लावला. टाकीतून निघणारी मोठी पाइप पुरात फुटली होती. गटाराच्या खालीच. गटाराचं पाणी तिच्यात शिरून साऱ्या गावाच्या नळाला जात होतं. पाणी सोडणाऱ्याला घेऊन मी टाकीवर गेले. मागोमाग आबा आले, माणसं घेऊन.

"वस्तीचं पाणी बंद करा. आमच्या आळीचं कशाला? आमच्यात कोण आजारी हाय?"

"अजून न्हाय. पाइप एकच हाय, आबा. टँकर मागवलाय. तवर सगळ्यांचं बंद."

आबा जवळ आले. "शिकलीस म्हणून गावाचं पाणी तोडतीस? तुझ्या आज्ज्याची आमच्या आडावर पाय ठेवायची टाप नव्हती."

कानशिलं तापली माझी. पाणी सोडणाऱ्यानं व्हॉल्व्ह फिरवायची चावी खाली ठेवली. "बाई, मला ह्याच गावात ऱ्हायाचं हाय." त्याचं बरोबरच होतं.

चावी मी उचलली. पदर खोचला. गंजलेला व्हॉल्व्ह हलेना. दोन्ही हातांनी जोर लावला, तळवे सोलले, आणि तो फिरला. साऱ्या गावाचे नळ कोरडे पडले. वरच्या आळीचे. आबांच्या दारातला. माझ्या आज्ज्यासारख्यांना ज्या गावानं पाण्याला शिवू दिलं नाही, त्या गावाचं पाणी त्यांची नात बंद करत होती. बरं वाटलं मला. हेही सांगते.

संध्याकाळी वैशालीचा फोन.

"माझ्या आईला टँकरच्या रांगेत उभी केलीस. जळतीस तू माझ्यावर. पहिल्यापासनं."

"व्हय, जळते," मी म्हणाले. "पाइप बदलेपर्यंत व्हॉल्व्ह बंदच राहणार."

तिनं फोन आपटला.

पाइप बदलली. त्याआधीच ते पाणी प्यालेले काही जण वरच्या आळीतही पिवळे पडले. मग साथ थांबली. सत्कार वैशालीचा झाला. माझी बदली झाली. आबांचा हात वरपर्यंत होता.

जळणं गेलं नाही. जाणारही नाही. फक्त कशावर जळायचं, ते आता कळलंय. पाटीवर न्हाय, फोटोवर न्हाय. वैशालीच्या वेळी तिच्या आईला बाळंतपणात आडाचं जे स्वच्छ पाणी मिळालं, तसं सुजाताला का मिळालं नाही? त्यावर मी जळते. ही आग मी विझू देणार नाही.

नव्या तालुक्यात रुजू झाले, तेव्हाच माणसांना सांगितलं. पाण्याची तपासणी वस्तीतल्या शेवटच्या नळापासून सुरू होईल. घाण निघाली, तर साऱ्या गावाचं पाणी बंद होईल. चावी फिरवायला कुणी तयार नसलं, तर मला बोलवा.