सावलीचं माप

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान मिन्को दगडकामाचे गवंडी. आमच्या बुकोवेत्समध्ये हातखंडा गवंड्याला उस्ता म्हणतात, आणि त्या नावाला शोभणारे आता हे एकच उरलेत. वय शहात्तर, पंजे फावड्याएवढे, बोलणं बेताचं. गावाला वाटतं, माणूस शांत आहे. शांत कसले, घाबरलेले होते. चव्वेचाळीस वर्षं जीव मुठीत धरून जगले आणि आम्ही म्हणत राहिलो की स्वभावच तसा.

त्या स्वभावाची मी भरपूर टिंगल केलीय, ते आधीच कबूल करते. त्यांची एकुलती एक मुलगी रोसित्सा, म्हणजे आमची रोसी. तिचं माप कोणी घ्यायचं नाही असा घरात कायदा होता. शाळेत उंची मोजायच्या दिवशी रोसीचं हटकून पोट दुखायचं. शिंप्याची पायरी तिला बंद. लग्नाचा झगा तयार आणला, तो खांद्यात ढगळ आणि कमरेत घट्ट. माझी बहीण पेना चर्चमध्ये निम्मा वेळ टाचण्याच लावत होती.

"भावोजी, शिंपी काय पोरीला खातो का?" मी विचारलं. ते उठून अंगणात गेले आणि लग्नाचं जेवण निम्मं होईपर्यंत आत आले नाहीत.

दुसरं खूळ लोकरवाल्याच्या घराचं. खालच्या आळीतलं हे घर पावणेदोनशे वर्षांचं आहे. खाली दगड, वर लाकूड, दिवाणखान्याच्या छताला कोरलेला सूर्य. सत्त्याहत्तरच्या भूकंपात त्याचा उत्तरेकडचा कोपरा खचला, आणि दोन वर्षांनी भावोजींनी त्यांचे गुरू उस्ता गेन्चो यांच्याबरोबर तो बांधून काढला. तेव्हापासून रोज सकाळी जाऊन त्या कोपऱ्याला तळहात लावायचा. पन्हळ तुंबली की साफ करायची, सांध्यातलं गवत उपटायचं, हिवाळ्यात बर्फ लांब ढकलायचा. नगरपालिकेनं वारसा जपल्याबद्दल त्यांना पदक दिलं. पदक घेताना त्यांचे हात कापत होते. आम्हाला वाटलं, आनंदानं.

गेन्चोचं नाव मात्र त्यांच्यासमोर काढायची सोय नव्हती. मृतांच्या शनिवारी सगळं गाव उकडलेले गहू घेऊन कबरस्तानात जातं. पेना गेल्यापासून भावोजी तिच्या थडग्यावर मेणबत्ती लावत, आणि तीन थडगी पलीकडे असलेल्या गेन्चोकडे पाठ करून परत फिरत. ज्यानं हातात थापी दिली त्याच्यासाठी एक मेणबत्ती नाही! मी त्यांना तोंडावर कृतघ्न म्हटलंय.

गेल्या हिवाळ्यात खालच्या आळीचा पुनर्विकास निघाला. राजधानी सोफियातली एक कंपनी जुनी गोदामं पाडून दुकानं आणि घरं बांधणार होती. मधोमध लोकरवाल्याचं घर. त्याचं काय करायचं यावर गाव दुभंगलं. एका बाजूचं म्हणणं, तुळया आणि दगडांना नंबर घालून घर उतरवा आणि वरती टेकडीवर, जुन्या गिरणीशेजारी, जसंच्या तसं उभं करा. दुसऱ्या बाजूचं म्हणणं, आहे तिथंच ठेवा, कंपनीला काय बांधायचं ते भोवती बांधू दे. आणि ही सगळी कागदपत्रं होती नगरपालिकेच्या इंजिनियर बाईंच्या टेबलावर. ती बाई म्हणजे आमची रोसी. जिचं माप घ्यायचं नाही, ती पोर हातात टेप घेऊन जगाची मापं काढत फिरते.

सभा माझ्या वाचनालयात झाली. मी तिथली किल्लीवाली, त्यामुळे शेगडी पेटवण्यापासून खुर्च्या मांडण्यापर्यंत सगळं माझ्याच गळ्यात. पाया पाहिलेला हयात माणूस एकच, म्हणून भावोजींना पुढं बसवलं होतं. टोपी हातात घेऊन ते उभे राहिले.

"घर हलवू नका," ते म्हणाले.

"का, उस्ता?"

"दगडाला जागेची सवय असते."

"दगडाला विचारलंत काय?" मागून कालोयान न्हावी म्हणाला. "मी रोज डोकी हलवतो, एकानं तक्रार केली नाही."

सगळे हसले. रोसी हसली नाही. ती नकाशा घेऊन वडिलांसमोर आली. "बाबा, ठेवू या की इथंच. माझी ना नाही. पण मग भोवती तीन मीटर खोल खणणार. उत्तरेच्या कोपऱ्याखाली काँक्रीट भरावंच लागेल, नाहीतर तो पहिल्या पावसात बसेल. हलवलं तरी कोपरा उघडणार, ठेवलं तरी उघडणार. फरक एवढाच की वरती टेकडीवर त्याला ऊन मिळेल आणि इथं मोटारींचा धूर."

मी भावोजींच्या अगदी शेजारी होते. टोपी खाली पडली, ती उचलायचंही त्यांना सुचेना. "ठेवलं तरी?" त्यांनी दोनदा विचारलं आणि ते मटकन खाली बसले. मी पाणी दिलं, ते सदऱ्यावर सांडलं. मग हात वर झाले आणि घर हलवायचं ठरलं. मे महिन्यात काम सुरू.

त्या रविवारी दोघं माझ्याकडे जेवायला होते. मी मातीच्या भांड्यात घेवडा शिजवला होता. भावोजींनी चमचा उचलला नाही.

"बाबा, सगळ्या गावासमोर माझ्या विरोधात उभे राहिलात," रोसी म्हणाली. "कारण तरी नीट सांगायचं. दगडाला सवय काय!"

"तू ते काम सोड," भावोजी म्हणाले. "दुसऱ्या कोणाला दे. मेमध्ये समुद्रावर जा. वर्णाला जा, मावशीला घेऊन जा."

"मी कशाला जाऊ?"

तेव्हा त्यांनी सांगितलं. मान खाली, टेबलाची कड गच्च धरलेली.

तो कोपरा तीनदा बांधला आणि तीनदा ढासळला. तिसऱ्यांदा गेन्चो म्हणाला, हा सावली मागतोय. जुन्या गवंड्यांची ती रीत होती. जाणाऱ्या येणाऱ्या माणसाची सावली त्याच्या नकळत दोरीनं मोजायची, दोरी कापून भिंतीत चिणायची. भिंत उभी राहते. माणूस चाळीस दिवसांच्या आत जातो आणि त्या घराचा राखणदार होतो. सरकार तेव्हा असल्या गोष्टींना गुन्हा मानत होतं, पण कोपऱ्याला सरकार कळत नव्हतं. दोघांनी ठरवलं, रोज सकाळी येऊन अंगावर ओरडणारा बांधकामाचा सरकारी तपासनीस आहे, त्याचीच घेऊ.

"सप्टेंबरची सतरा तारीख होती. ऊन कोवळं, सावल्या लांब," भावोजी म्हणाले. "तपासनीस कोपऱ्यापलीकडे ओरडत होता. भिंतीवर सावली पडली. मी माझी ओळंब्याची पांढरी दोरी तिच्यावर धरली, कापली, पत्र्याच्या डबीत घातली. मग वळून बघितलं. तू दगडावर चढून उभी होतीस. सात वर्षांची. माझा डबा घरी विसरला होता, तो घेऊन आली होतीस."

घेवड्यावरची वाफ गेली होती. मी वाढायचं थांबवलं.

"फेकून द्यायची होती दोरी," मी म्हणाले.

"कापलेली दोरी फेकता येत नाही, दोन्का. फेकली तर माणूस जागच्या जागी जातो, असं सांगतात. मी गेन्चोचे पाय धरले. म्हटलं, तू हे सुचवलंस, तूच सोडव. तो म्हणाला, डबी इकडे दे आणि पोरीला घेऊन घरी जा. दुसऱ्या दिवशी आलो तर कोपरा बांधून झालेला. डबी कुठंय, मी विचारलं. आत आहे, म्हणाला. आता तोंड बंद ठेव."

"त्यानं माझी सावली आत घातली?" रोसीनं विचारलं.

"घातली. म्हणून तर मी त्याला कधी माफ केलं नाही. पस्तिसाव्या दिवशी तुला ताप भरला. डॉक्टरांनी हात टेकले होते, मावशीला विचार. एकोणचाळिसाव्या दिवशी सकाळी तू पेज मागितलीस. चाळीस उलटले. मला एवढंच समजलं की तुला सोडलेलं नाही, थांबवलंय. कोपरा उभा आहे तोवर तू आहेस."

मला वाटलं, शिकलेली बाई आहे, आता हसेल. ती हसली नाही. "कोणत्या थरात?" तिनं विचारलं, आणि आवाज तिचा वाटला नाही.

त्यानंतर तीन आठवडे मी त्या दोघांची दशा पाहिली. भावोजी सकाळ, दुपार, संध्याकाळ कोपऱ्यापाशी. एकदा भर दुपारी त्यांना भिंतीला कान लावून उभे पाहिलं आणि माझ्या अंगावर काटा आला. आणि रोसी रस्त्यानं चालताना भिंतीच्या बाजूनं चालेना. ऊन असेल तर पलीकडच्या फुटपाथवर. कामगारानं तिच्या दिशेनं टेप ताणली तर त्याच्यावर खेकसली. एक दिवस वाचनालयात आली आणि उगाच पुस्तकं चाळत बसली.

"मावशी, मी पुलांची गणितं करते. हे सगळं थोतांड आहे, मला माहीत आहे."

"आहेच."

"मग माझे हात गार का पडतात?"

मी तिचे हात माझ्या हातात घेतले. खरोखरच गार होते. माझेही फार गरम नव्हते.

"काम दुसऱ्याकडे दे, बाबा म्हणतात तसं," मी म्हणाले.

"आणि मग रोज फोनची वाट बघत बसू, की आज उघडला का? नको. मी स्वतः उघडते. होईल ते माझ्या डोळ्यांसमोर होऊ दे."

मेच्या दुसऱ्या मंगळवारी सकाळी वरचं लाकूड उतरलेलं होतं. सूर्याचं छत गोणपाटात बांधून टेकडीवर गेलं होतं. उरला होता फक्त दगड. रोसीनं कामगारांना चहा प्यायला पाठवलं. आम्ही तिघंच. भावोजींनी सणाचा काळा कोट घातला होता, आणि तो का घातलाय हे विचारायचं माझं धाडस झालं नाही. तिसऱ्या थरातला दगड त्यांनीच पहारीनं सैल केला. चव्वेचाळीस वर्षांपूर्वीचा चुना भुसभुशीत झाला होता. दगड सुटला तशी त्यांनी पहार टाकली आणि रोसीची बाही घट्ट पकडली, लहान मुलाला रस्त्यावर धरतात तशी.

आत डबी होती. तंबाखूची, गंजलेली. रोसीनं हात घातला. झाकण निघेना, तिनं ते दगडाच्या कडेवर आपटलं. मी डोळे मिटून घेतले. खोटं कशाला सांगू, मी प्रार्थनासुद्धा अर्धीच म्हटली, पुढची आठवेना.

काही झालं नाही. खालच्या आळीत कुत्रं भुंकत होतं.

"बाबा, ही निळी आहे," रोसी म्हणाली.

मी डोळे उघडले. तिच्या हातात निळं सूत होतं, वीतवीतभर अंतरावर गाठी मारलेलं. असलं सूत गावात एकाच गवंड्याकडे होतं. गेन्चो ते स्वतः रंगवायचा आणि दुसऱ्या कोणाला हात लावू द्यायचा नाही. रोसीनं डबी पालथी केली. पांढरी दोरी नव्हती. तिनं सूत ताणून धरलं, एक टोक जमिनीला लावलं. दुसरं तिच्या डोक्याच्या वर हातभर गेलं. गेन्चो उंच होता, दारातून वाकून आत यायचा.

भावोजी दगडावर बसले.

"दोन्का, गेन्चो कोणत्या दिवशी गेला?"

"दिमित्रीच्या सणाच्या आदल्या दिवशी. पंचवीस ऑक्टोबर. त्याची बहीण दर वर्षी त्याचा फोटो घराच्या फाटकावर चिकटवते, खाली तारीख असते. तुम्ही त्या फाटकाकडे बघितलं तर ना."

ते बोटांवर मोजू लागले. मी आधीच मोजलं होतं. सतरा सप्टेंबरपासून एकोणचाळिसावा दिवस. आम्ही सगळे तेव्हा म्हणालो होतो, दारूनं गेला. त्याला पोरंबाळं नव्हती. रोसी लहानपणी त्याच्या खांद्यावर बसून गावभर फिरायची.

आणि मग मला ते आठवलं, इतकी वर्षं ज्याचा मी विचारही केला नव्हता. त्याला शेवटचे कपडे चढवायला त्याच्या बहिणीबरोबर मी होते. त्याच्या बंडीच्या आतल्या खिशात पांढऱ्या दोरीचं एवढंसं गुंडाळं होतं. गवंड्याच्या खिशात दोरी असायचीच, म्हणून आम्ही ते तसंच राहू दिलं. मी हे सांगितलं तेव्हा रोसी भिंतीला टेकली आणि तोंडावर हात ठेवून रडायला लागली.

"मी त्याला खांदासुद्धा दिला नाही," भावोजी म्हणाले.

दुपारी आम्ही तिघं कबरस्तानात गेलो. उकडलेले गहू करायला वेळ नव्हता, मी वाटेत बेकरीतून पाव घेतला. निळं सूत भावोजींच्या कोटाच्या खिशात होतं आणि हात त्या खिशावर. कबरस्तानाच्या फाटकापाशी ते आले आणि थांबले. मी मागं वळून पाहिलं. मेणबत्ती हातात, पण पाऊल उचलत नव्हतं.

"चला भावोजी, आता कसली भीती?"

"तू आधी जा, दोन्का," ते म्हणाले. "त्याला सांग, मी आलोय. मग मी येतो."