जागेवरून उठायचं नाही!

मिलिंदच्या बायकोचा, सुजाताचा फोन आला तेव्हा मी अमेरिकेतल्या पिस्कॅटवेच्या ऑफिसात मीटिंगमध्ये होते. "नीलू, मिलिंद गेला," एवढंच ती म्हणाली. मला रडू आलं नाही, संताप आला. जन्मात सिगरेटला हात न लावलेला माणूस, आणि त्याला फुफ्फुसाचा कॅन्सर! भांडायचं तरी कुणाशी?

भांडायला मला मिलिंदच लागायचा. तो नागपूरचा, मी डोंबिवलीची. एकाच प्रोजेक्टवर काम करायचो आणि बेसबॉलचं वेड दोघांनाही इथेच लागलं. दर ऑक्टोबरात प्लेऑफच्या, म्हणजे सीझनअखेरच्या बाद फेरीच्या मॅचेस आमच्याकडे. २००६ साली सीझनभर रडतखडत खेळलेली एक टीम कशीबशी प्लेऑफमध्ये शिरली आणि चक्क चॅम्पियन झाली, तेव्हा तर आम्ही हमरीतुमरीवर आलो. "याला म्हणतात जिगर! ज्याच्यात दम असतो तोच ऐन वेळी जिंकतो," मी म्हटलं. "कायले फेकून राहिली यार? एवढीशी सिरीज, एक बॉल इकडचा तिकडे झाला की खेळ खलास. हरले ते काय भित्रे होते?" मिलिंद उसळला.

आणि मी जिगरवाली कशी, तर आपली टीम पुढे असली की कुणाला जागेवरून उठू द्यायचे नाही! लहानपणी क्रिकेटच्या वेळी आमच्या डोंबिवलीच्या घरी तसंच असायचं. सोफ्याच्या डाव्या कडेला अडकलेला मिलिंद कुरकुरायचा, "जिगरीवर जिंकतात ना? मग मला बाथरूमला जाऊ दे की!" पण बसून राहायचा बिचारा. हॉस्पिटलात शेवटचं भेटलो तेव्हाही मी दटावलं, "जागेवरून उठायचं नाही हं." तो हसला. "माझ्या हातात असतं तर…" एवढ्यानेच त्याला धाप लागली.

पुण्यानुमोदनाला, मिलिंदच्या शोकसभेला, हॉल भरला होता. बुद्धवंदना झाली, भाषणं सुरू झाली. एक काका उठले. "मिलिंद लढला, पण विल पॉवर कमी पडली. मनात आणलं तर माणूस कॅन्सरलाही हरवतो. आमच्या साडूंनी हरवलाच ना!" माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. केमोच्या दुसऱ्या दिवशी लेकीच्या शाळेतल्या नाटकाला जाऊन बसलेला माणूस तो! साडूंची गाठ वेळेत सापडली, याची नाही, एवढाच काय तो फरक. तेवढ्यात मिलिंदच्या यशोने, तिसरीतल्या पोरीने, माझी ओढणी ओढली. "मावशी, डिड बाबा नॉट ट्राय हार्ड इनफ?"

काकांची गचांडी धरावीशी वाटली… पण बोलत होते ते माझंच तर वाक्य! "नाही गं बाळा," मी हॉलभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "बाबा जबरदस्त खेळला. चांगलं खेळूनही माणूस हरतो. तोच मला हे सांगायचा, मीच ऐकायचे नाही." काका खाली बसले.

परवा प्लेऑफच्या मॅचला सुजाता यशोला घेऊन आली. यशो सोफ्याच्या डाव्या कडेला बसली. आपली टीम पुढे, शेवटची इनिंग, आणि पोरगी चुळबुळायला लागली. "मावशी, कॅन आय गेट अप?" "ऊठ की," मी म्हटलं. ती आत गेली आणि पुढच्याच बॉलला समोरच्यांनी होमरन, आपल्याकडचा सिक्सरच, मारला. मॅच गेली. बाहेर आली तर स्कोअर बघून तोंड एवढंसं. "बिकॉज आय गॉट अप?"

"मुळीच नाही!" मी ओरडलेच. "त्याने बॉल मारला म्हणून!"

आणि तिला परत बाबाच्या जागेवर बसवलं.