खोटी पट्टी

अख्ख्या बीड जिल्ह्यात सर्व्हरच्या मेमरीवर आमच्या दाजींइतका जीव कुणी लावला नसेल. आणि तीही अशी मेमरी, की वीज गेली की सगळं विसरून मोकळी. दाजी म्हणजे माझे थोरले साडू. एका साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळतात. खिशात पेनाशेजारी मेमरीची एक जुनी हिरवी पट्टी कायम, आणि अंगातल्या विजेनं पट्टी जळते म्हणून कशालाही शिवण्याआधी लोखंडाला हात लावून ती उतरवायची सवय. एका बारशाला तर बाळाला घेण्याआधी त्यांनी गॅसची टाकी अशी कुरवाळली, की बाळाच्या आजीनं बाळ आत नेलं.

घरचा कॉम्प्युटर रांगायला लागला म्हणून मी एकदा ती पट्टी मागितली. दाजी दचकले, जणू मी त्यांचं मूत्रपिंड मागितलं.

"ही रजिस्टर्ड हाय पावणं, सर्व्हरची. तुमच्या डब्यात चालायची न्हाई."

"कावून?"

"आपण सासऱ्याशी कधी थेट बोललो का? तुमच्या आक्काला सांगायचं, ती पुढं सांगायची. तशी हिच्यात मधी एक चिप असती. समदे हुकूम तिच्यामार्फत. म्हणून लई पट्ट्या लावल्या तरी भार येत न्हाई. तुमच्या डब्याला असा मधला माणूस कळत न्हाई."

आक्का म्हणजे त्यांची बायको. मला चिप कळली नाही, पण सासरे आठवून घाम फुटला. मग त्यांनी कारखान्यात नेऊन सर्व्हर उघडून दाखवला. पट्ट्या एकसारख्या, जोडीजोडीनं. रिकाम्या खाचेत मात्र प्लास्टिकची खोटी पट्टी.

"हिच्यात काय साठतं?"

"कायबी न्हाई. पण जागा उघडी राहिली की पंख्याचं वारं तिथूनच पळतं, आन् बाकीच्या तापतात."

लग्नाची पंगतही दाजी अशीच बसवायचे. जाड्याशेजारी जाडा, हळू जेवणाऱ्याशेजारी हळू जेवणारा. एका नवरदेवाच्या मामाला तर त्यांनी हातातल्या घासासकट उठवलं होतं! पण गेल्या साली आक्का गेली, आणि तेव्हापासून दाजी सगळ्यांना जोडीनं बसवून, वाढून, स्वतः उपाशी निघून जायला लागले.

यंदा उमापूरला आमच्या पोरीचं लग्न. "दाजी जेवल्याबिगर गेले तर मीबी जेवणार न्हाई," बायकोनं मला बजावलं. शेवटची पंगत बसली. दाजी पाण्याचा जग घेऊन उभेच.

"दाजी, बसा की."

"माझी जोडी न्हाई पावणं."

मी मांडी घातली आणि शेजारची पत्रावळ सरळ केली. "मी खोटी पट्टी. बसा."

त्यांनी माझ्या पोटाकडं बघितलं. "लई फुगलीय पट्टी. खाचेत मावायची न्हाई." पण जग खाली ठेवला, मांडवाच्या लोखंडी खांबाला हात लावला आणि बसले. वरण-भात खाल्ला. बुंदीचा लाडू आला, तेव्हा बोलता बोलता त्यांनी तो सवयीनं माझ्या पत्रावळीत सरकवला. आक्काला बुंदी लई आवडायची.

मला शुगरची गोळी चालू आहे. पण खोट्या पट्टीनं बोलायचं नसतं. मी खाल्ला.