किडेबाई आणि मधली मिशी

किडेबाईंनी कुठल्याही निवेदनावर न वाचता सही केली नाही, आणि वाचल्यावर तर बहुधा केलीच नाही. दारोदार सह्या गोळा करत फिरलेल्या कुणालाही अशी माणसं माहीत असतात. ती दार उघडतात, आत बसवतात, पाणी देतात, चष्मा शोधतात आणि मग तुमच्या कागदावर पेन्सिलीने खुणा करायला लागतात. कांजूरमार्गच्या कचऱ्याच्या डम्पिंगविरुद्धचं पत्रक घेऊन मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले, तेव्हा त्यात माझं एक आवडतं वाक्य होतं : हजारो मुलं दम्याने तडफडत आहेत. बाईंनी त्यावर बोट ठेवलं आणि विचारलं, "हे पाहिलंस की वाटलं?"

मी म्हटलं, सगळ्यांना माहीत आहे. त्या म्हणाल्या, सगळ्यांचं राहू दे, तू किती मुलं पाहिलीस? मी खरोखर पाहिलेली मुलं तीन होती, त्यातला एक माझा मावसभाऊ. मग त्या तिघांच्या आयांना विचारून त्यांची नावं लिही, मी सही करते, असं त्या म्हणाल्या. मी कागद ओढून घेतला आणि जिना उतरताना बाईंना मनातल्या मनात बऱ्याच शिव्या दिल्या. पण नावं घातली. त्या पत्रकाने डम्पिंग हललं नाही. मात्र शेजारच्या बिल्डिंगमधल्या बायका त्या तीन पोरांची चौकशी करत आमच्याकडे आल्या. 'हजारों'ची चौकशी करायला तोवर कुणी आलेलं नव्हतं.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. घाटकोपरच्या डोंगरावर आमची खोली. बाबा कुर्ल्याच्या गॅरेजमधून आले की खळीचं भांडं आणि पत्रकांचा गठ्ठा घेऊन पुन्हा बाहेर पडायचे, आणि मी त्यांच्यामागे. जोडाक्षरं मी शाळेच्या आधी भिंतींवर शिकले. क्क 'धिक्कार'मधला, र्ष 'संघर्ष'मधला. पुढे बॅनर रंगवायला लागले. माझ्या अक्षराला वस्तीत मान होता, कारण ते रस्त्याच्या पलीकडूनही ओरडल्यासारखं दिसायचं. आमच्या घरात शांत बोलणाऱ्या माणसाबद्दल एक संशय असायचा, की हा बहुतेक तिकडचा आहे.

आणि बाई तर इतक्या शांत. मुलुंडच्या कॉलेजात त्यांनी निवृत्त होईपर्यंत प्राणिशास्त्र शिकवलं. त्यांचा विषय समुद्रातले किडे, तेसुद्धा फक्त अंगावर राठ केस असलेले. घरात फळीवर लिंबाच्या लोणच्याच्या बरणीशेजारी स्पिरिटमधले किडे ओळीने बसलेले असायचे. पाहुणे लोणचं नको म्हणत. सोसायटीच्या सेक्रेटरीणबाई एकदा वासाची तक्रार घेऊन आल्या, तर बाई मालवणीत घसरल्या. राग आला की किंवा फार आनंद झाला की त्या घसरायच्याच. "डम्पिंगचो वास तुमका चलता, आणि माझी एक बाटली नाकात जाता काय गो?" सेक्रेटरीणबाई चहा पिऊन गेल्या.

बाईंची एक चूक त्या सगळ्यांना स्वतःहून सांगत. तरुणपणी त्यांनी गोराईच्या खाडीच्या चिखलातून एक आखूड शेपटीचा किडा काढला, तो नवीन जातीचा म्हणून जाहीर केला, त्याला नाव दिलं. काही वर्षांनी कुणीतरी दाखवून दिलं की तो जुनाच, ओळखीचा किडा होता. त्याची शेपटी माशाने खाल्ली होती आणि ती पुन्हा उगवत होती. अर्धी उगवलेली शेपटी बाईंनी पूर्ण धरली. त्यांनी दिलेलं नाव रद्द झालं. "मी आखूड शेपटी पाहिली आणि पूर्ण आहे असं मला वाटलं," असं म्हणून त्या हसत. पण त्यानंतर एवढ्या वर्षांत त्यांनी एकाही किड्याला नवीन म्हटलं नव्हतं. हसणं खरं असलं तरी ती चूक आत ठसठसत होती, हे मला उशिरा कळलं.

सायली नावाची त्यांची जुनी विद्यार्थिनी समुद्रावर संशोधन करणाऱ्या एका संस्थेत नोकरीला आहे. एक दिवस ती रीतसर परवानगी घेऊन एक छोटी बाटली बाईंकडे घेऊन आली. आत नखाएवढा एक किडा. हिंदी महासागराच्या तळातून वर आलेला, जिथे उजेड कधी पोचत नाही. पाठीवर कौलं घातल्यासारखे खवले, दोन्ही बाजूंना काचेसारख्या केसांचे झुबके, आणि डोळे नाहीत. त्या तळावर बटाट्याएवढे धातूचे गोळे पसरलेले असतात आणि ते खरवडून आणायचे बेत चालू आहेत, असं सायलीने सांगितलं. अशाच एका गोळ्याला हा चिकटला होता. तो तळ ओसाड आहे असं काही लोक लिहितात, हेही तिने सांगितलं.

बाईंनी बाटली उजेडात धरली आणि मान तिरकी केली. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला तेव्हा रोग लागला होता. कडेचं दिसायचं, मधोमध काळा डाग. समोरच्या माणसाचे कान दिसत, नाक दिसत नसे. औषधाने तो जागच्या जागी थांबेल, मागे हटणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. हा किडा नवीन असेल तर त्याचं वर्णन करायचं, चित्रं काढायची, नाव द्यायचं. टिकणारं नाव देण्याची ही बाईंची शेवटची संधी होती आणि त्यांना सूक्ष्मदर्शकातून मधलं काही दिसत नव्हतं.

सायली म्हणाली, फोटो काढू. बाई म्हणाल्या, फोटो काढच, पण फोटोत सगळं एकदम दिसतं, चित्र काढताना एकेक केस बघावा लागतो. मग त्यांनी मला बोलावलं. मी बॅनर रंगवते हे त्यांना माहीत होतं. मी म्हटलं, बाई, माझी अक्षरं हातभर असतात. त्यावर त्या म्हणाल्या, "त्याला डोळे नाहीत, माझे गेले. तुझे दोन आहेत, ते वापर."

सूक्ष्मदर्शकाला आरशाची एक नळी जोडलेली असते. तिच्यातून किडा आणि कागदावरची आपली पेन्सिल एकदमच दिसतात, आणि आपण किड्याच्या कडेकडेने पेन्सिल फिरवत जायचं. मी शनिवार-रविवार तेच करू लागले. जुन्या पुस्तकातलं त्याच्या भाऊबंदांचं चित्र बाईंनी मला ओळख व्हावी म्हणून दिलं होतं. चौथ्या की पाचव्या चित्राच्या वेळी त्यांनी कागद डोळ्यांच्या कडेशी नेला, मान तिरकी करून डोक्याच्या भागावर बोट ठेवलं. या किड्यांच्या डोक्यावर मधोमध एक मिशी असते. मी ती छान वळणदार काढली होती.

"ही पाहिलीस की वाटली?"

मी म्हटलं, पुस्तकात आहे.

"पुस्तकातल्या किड्याला आहे. ह्याला आहे का ते सांग."

मी पुन्हा नळीला डोळा लावला. मिशी नव्हती. मी ती काढली होती, कारण तिथे ती असायला हवी होती. बाई रागावतील असं वाटलं. त्यांनी खुर्ची पुढे ओढली. त्यांचा आवाज बदलला होता. मिशी तुटली असेल तर खाली बुंधा राहतो, एक छोटा उंचवटा, तो दिसतो का? नीट बघ, घाई नको. मी बघितलं. सुईने हलकेच वळवून पुन्हा बघितलं. बुंधा नव्हता, खूण नव्हती. डोकं कपाळासारखं सपाट. या किड्याच्या कुळात बिनमिशीचा म्हणून कुणी नोंदलेला नव्हता. म्हणजे तो नवीन असण्याचं सगळं कारण, बाईंना न दिसणाऱ्या मधल्या जागेत, नसलेल्या एका मिशीत होतं. आणि ते पाहणारी कोण, तर जिने नुकतीच तिथे मिशी रेखाटून ठेवली होती ती.

मी म्हटलं, आता लिहून टाकू. बाईंनी मान हलवली. एकच किडा आहे, जन्मतःच व्यंग असेल तर? दुसरा मिळाल्याशिवाय नाही. मी भांडले. तिकडे यंत्रं समुद्रात उतरायच्या बेतात आहेत आणि तुम्ही दुसऱ्या किड्याची वाट बघताय? ती तुमच्यासाठी थांबणार आहेत का? त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाल्या, घाईत ठेवलेलं नाव खाणवाल्यांचा पहिला वकील खोडून टाकेल, मग त्या किड्याच्या बाजूने कोण बोलणार? मी दोन आठवडे त्यांच्याकडे गेले नाही.

परत गेले ते माझ्याच रडगाण्यापायी. आमच्या गल्लीत घरांचं सरकारी सर्वेक्षण झालं होतं. शेवटच्या वळणापुढच्या दारांवर नंबर पडलेच नव्हते, आणि कागदावर तो भाग मोकळी जागा म्हणून लागला होता. तिथे माझी शाळेतली मैत्रीण राहते, तिची सासू राहते, रोज संध्याकाळी भजी तळणारे आण्णा राहतात. मी बाईंना म्हटलं, नंबर नाही म्हणजे माणूस नाही. उद्या कुणीही येऊन म्हणेल की इथे कोणी राहतच नव्हतं. आणि म्हणता म्हणता मीच थांबले. तुमच्या किड्याचंही हेच चाललंय, मी म्हटलं. नाव म्हणजे त्याच्या दारावरचा नंबर.

बाई म्हणाल्या, "हे मात्र तू पाहिलंयस."

एवढी शाबासकी मला मोर्चात कधी मिळाली नव्हती.

दुसरा किडा सापडायला पुढचा उन्हाळा उजाडला. पहिला किडा आणणाऱ्या समुद्रसफरीतलाच चाळलेला गाळ सायली सवडीने तपासत होती, त्यात तिला तो मिळाला. नुसतं डोकं आणि थोडं धड. मागचा भाग कुठे गेला कोण जाणे. पण आम्हाला डोकंच हवं होतं. बाईंनी त्या दिवशी एक अजब पद्धत लावली. आधी सायलीने चित्र काढायचं आणि मी खाली जाऊन कोथिंबीर आणायची. मग मी काढायचं आणि सायलीने नारळ आणायचा. एकमेकींशी बोलायचं नाही, एकमेकींचं चित्र बघायचं नाही. भाजीवाल्याने मला विचारलं, मॅडमकडे काय कार्य आहे? मी म्हटलं, असेल तर बारसं.

दोन्ही कागद बाईंनी खिडकीशी नेले. डावीकडून बघितले, उजवीकडून बघितले. दोन्ही चित्रांत डोकं सपाट होतं. मिशी नाही, बुंधा नाही. त्यांनी आम्हा दोघींना एकेकदा विचारलं, पाहिलंत? आम्ही एकेकदा सांगितलं, पाहिलं.

"म्हणजे मुळातच नाय," बाई म्हणाल्या, आणि नारळ फोडायला घेतला. मधलं दिसत नसल्याने घाव चुकला, मग नारळ सायलीने फोडला.

नावावरून शेवटचं भांडण झालं. मी 'विद्रोही' सुचवलं. त्याने कसला विद्रोह केला, तो आपला पोट भरतो, असं म्हणून बाईंनी ते उडवलं. सायलीला बाईंचं नाव द्यायचं होतं, पण वर्णन लिहिणाऱ्याने स्वतःचं नाव लावून घ्यायचं नाही असा शास्त्रज्ञांचा रिवाज. शेवटी लॅटिनमध्ये 'मधली मिशी नसलेला' अशा अर्थाचं साधं नाव ठरलं. मी हिरमुसले. मजकुरात मी 'अंधारातला एकाकी जीव' असं एक वाक्य घुसवलं होतं, तेही गेलं. एकाकी कसा, आपल्याला तर दोन सापडले, असं बाईंचं म्हणणं. मी तेव्हा चिडले होते, आता विचार करते की त्यापेक्षा मोठा दिलासा कुठल्या वाक्यात होता?

बाटलीतली चिठ्ठी मात्र त्यांनी माझ्याच हाताने लिहून घेतली. पेनची शाई स्पिरिटमध्ये विरघळते, म्हणून पेन्सिलीने, तांदळाएवढ्या अक्षरात. नाव, जागा, पाण्याची खोली, कुणी गोळा केला. एवढं लहान मी आयुष्यात लिहिलं नव्हतं. बाईंनी ती मला मोठ्याने वाचायला लावली आणि मग बाटलीत सोडली. ती बाटली आता संग्रहालयात आहे, आणि तो तळ ओसाड आहे असं लिहिणाऱ्याला आधी तिला उत्तर द्यावं लागेल.

त्यानंतर बाई वेंगुर्ल्याला भाचीकडे राहायला गेल्या. फळीवरच्या बरण्या सायली घेऊन गेली, लोणच्याची मला मिळाली. सूक्ष्मदर्शक मुलुंडच्या कॉलेजला दिला. आता त्या समुद्र ऐकतात, असं भाची सांगते. मी फोनवर हे त्यांना सांगितलं तर म्हणाल्या, "ऐकतंय खंय, झोपतंय."

आमच्या गल्लीचं पत्रक मी मागच्या महिन्यात लिहिलं. त्यात हजारो नाहीत, लाखो नाहीत. शेवटच्या वळणापुढे किती दारं आहेत, कोणत्या दारात कोण राहतं, चूल कुठे पेटते, पाळणा कुठे टांगलेला आहे, एवढंच आहे. प्रत्येक दारात मी स्वतः उभी राहिले. ते पत्रक घेऊन आम्ही सगळे गेलो, आणि राहिलेल्या दारांवर नंबर टाकायला माणसं पुन्हा येतील असं सर्वेक्षणाच्या ऑफिसने लेखी दिलं आहे. ती येईपर्यंत मी विश्वास ठेवणार नाही, पण कागद हातात आहे.

छापायच्या आधी ते मी बाईंना फोनवर वाचून दाखवलं होतं. जवळजवळ संपेपर्यंत त्यांनी एकदाही अडवलं नाही. शेवटाकडे एक वाक्य होतं. मैत्रिणीची सासू दारात कपडे वाळत घालत असताना तिच्या समोर उभं राहून, इथे कोणी राहत नाही, असं सांगणाऱ्या सर्वेक्षणाच्या साहेबांबद्दलचं. तिथे मी एकच विशेषण ठेवलं होतं : निर्लज्ज.

पलीकडून तो प्रश्न आला, अपेक्षेप्रमाणे.

मी म्हटलं, "पाहिलं, बाई. हाताच्या अंतरावरून."

"मग ठेव," बाई म्हणाल्या.