द्वारकाबाईंच्या मेसमधला सुदान

उस्मानपुऱ्यात द्वारकाबाईंची मेस शोधायला पत्ता लागत नाही. जेवणाच्या वेळी गल्लीत उभं राहायचं. "ए बीड, ताट सरकव! जालना, ठिव तो मोबाईल! परभणी, हात धुतले का नाय?" असा आवाज ज्या घरातून येईल, तिथं चपला काढायच्या. पोरांना गावाच्या नावानं हाक मारणं बाईंना कुणी शिकवलं नव्हतं. सासरी आल्यापासून त्यांनाच कुणी द्वारका म्हटलं नव्हतं. माहेर लासूरचं, म्हणून सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांच्या त्या 'लासूरकरीण'. माणसाचं गाव कळलं की माणूस कळला, अशी त्यांची पक्की समजूत होती.

पुढं विद्यापीठात शिकायला आलेली परदेशी पोरं मेसला लागली, तेव्हा बाईंनी पद्धत बदलली नाही. नकाशा तेवढा मोठा केला. बीडच्या शेजारी येमेन बसला, समोर थायलंड आणि भिंतीला टेकून सुदान. "आपल्या घरी रोज जगाची परिषद भरती," त्यांचे मालक रामकिसन सांगायचे, "अन् खरकटं मी काढतो."

परिषदेत भांडणंही व्हायची. येमेन म्हणायचा, सुदानी माणूस झोपेतून उठतो तो कूस बदलायला. सुदान म्हणायचा, येमेनी माणसाला भांडायचं असलं तरी आधी चहा लागतो, आणि चहा संपेस्तोवर भांडणाचं कारण विसरलेलं असतं. थायलंड यात पडायचा नाही. तो बाईंचा ठेचा भातावर चटणीसारखा नव्हे, भाजीसारखा घ्यायचा आणि "बच्चों का खाना" म्हणून सगळ्या मराठवाड्याचं नाक कापायचा. बाई हसून हसून बेजार व्हायच्या.

एकदा त्यांनी सहज विचारलं, "अन् आमच्या लोकांना काय म्हणता रे तुमी?"

तिघंही एकदम आमटी प्यायला लागले. फारच खोदल्यावर सुदान म्हणाला, "मावशी, राग नको. हम लोग बोलते, 'जरासं'."

"म्हंजे?"

"तुम बोलती जरासं भात घे, और डोंगर वाढती. रिक्षावाला बोलता जरासं लांब है, और पार मुकुंदवाडी आ जाती. काका बोलते जरासं थांब, और दोपहर की शाम हो जाती."

रामकिसन तेव्हा खरोखरच 'जरासं' आडवे झाले होते, म्हणून त्यांची बाजू मांडायला कुणी नव्हतं. बाईंना नाव झोंबलं, पण खोटं पाडता येईना. त्या दिवशी त्यांनी सुदानला रागानं एकच मूद भात वाढला आणि मग न राहवून दुसरी.

यंदा दिवाळीच्या सुट्टीत मेस रिकामी झाली. येमेन पुण्याला व्हिसाच्या कामाला गेला, थायलंड मायदेशी. सुदान खोलीवरच राहिला आणि दोन दिवस जेवायलाही आला नाही. बाई त्याच्या नावानं खडे फोडत होत्या, तेवढ्यात येमेनचा फोन आला. सुदानला डेंग्यू झालाय, घरमालकानं दवाखान्यात नेऊन टाकलंय, जवळ कुणी नाही, तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. मी संध्याकाळी पोचतो, मावशी, तू जा.

बाईंनी तांदळाची पेज केली, डबा भरला आणि रामकिसनना ओढतच रिक्षात घातलं.

दवाखान्याच्या खिडकीत बसलेल्या मुलीनं विचारलं, "पेशंटचं नाव?"

"सुदान."

"सुदान देशाचा पेशंट आहे एक. पण त्याचं नाव सांगा. नाव न सांगता वर सोडत नाही आम्ही, कुणीही येतं हो."

बाईंनी डबा या हातातून त्या हातात घेतला. पोराला वांगं चालत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्याच्या आईचे गुडघे दुखतात, बहिणीचं लग्न ठरतंय आणि मोडतंय, परीक्षेच्या आदल्या दिवशी त्याला जेवण जात नाही, सगळं ठाऊक होतं. नाव तेवढं नव्हतं.

"तुम्ही त्याच्या कोण?" मुलीनं विचारलं.

"मी त्याला जेवू घालते," बाई म्हणाल्या, आणि त्यांचं त्यांनाच ते फार कमी वाटलं.

त्या बाजूला बाकड्यावर जाऊन बसल्या. डबा मांडीवर गार होत होता.

"लाव की येमेनला फोन," रामकिसन म्हणाले.

"अन् काय इचारू? दोन वर्सं माझ्या हातचं खाल्लेल्या पोराचं नाव काय म्हणून? त्यापरीस जीव दिलेला बरा."

"येमेनचं तरी नाव ठावं हाय का तुला?"

बाईंनी नवऱ्याकडं असं पाहिलं, जणू ही सगळी चूक त्याचीच. पण वर पोरगं एकटं तापानं फणफणत पडलेलं. बाईंनी लाज गिळली आणि फोन लावला. पलीकडं येमेन बसमधली माणसं वळून बघतील इतका हसला, आणि मग त्यानं नाव सांगितलं. पोराचं, बापाचं, आजोबाचं. अब्देलबागी इद्रीस अन्नूर.

खिडकीतल्या मुलीला ते त्यांनी एका दमात ऐकवलं. काठोकाठ भरलेली कळशी न्यावी तसं ते नाव सांभाळत त्या जिना चढल्या, पुटपुटत, मध्ये रामकिसननी काही विचारलं तर हातानंच गप करत. आपण आजवर या पोराला नुसता देश म्हणून वाढलं, याचं त्यांना मनापासून वाईट वाटत होतं. आता चूक सुधारायची होती.

सुदान भिंतीकडं तोंड करून पडला होता. हाताला सलाईन. एवढा उंच पोरगा, पण पलंगात मावेल इतका झाला होता. बाई उशाशी उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, घसा खाकरला.

"अब्देलबागी," त्या म्हणाल्या.

तो गर्रकन वळला. डोळे विस्फारलेले, ओठ कोरडे. कोपरावर उठायला बघत त्यानं बाईंचा हात घट्ट धरला.

"मावशी, डॉक्टर क्या बोला? मैं मर रहा क्या?"

"अरे, कोण म्हणलं असं?"

"तुमने नाम से बुलाया!"

बाईंना हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. रामकिसन खिडकीतून बाहेर बघायला लागले. बाईंनी पदरानं तोंड पुसलं, स्टूल ओढलं, डब्याचं झाकण काढलं.

"ऊठ रे सुदान," त्या खेकसल्या. "लई झाली नाटकं. पेज पी."

सुदाननं सुटकेचा निःश्वास टाकला आणि हात पुढं केला.