स्मशानातली हिरवळ

गावचं स्मशान स्वच्छ केलं म्हणून कौतुकानं बघायला गेलो आणि फाटकातच थिजलो. आमच्याकडे तान्ही बाळं जाळत नाहीत, पुरतात. त्यांच्या कोपऱ्यातले खुणेचे दगड, कुत्र्यांनी उकरू नये म्हणून आयाबापांनी रचलेल्या बाभळीच्या फांद्या, सगळं कचरा म्हणून उचललं होतं. वर गुळगुळीत हिरवळ.

"बाग वाटते की नाही?" सरपंच म्हणाले.

इथली माया काट्यांची होती, हे कुणालाच कसं कळलं नाही?

शेजारच्या शांताकाकू चपला काढून कडेलाच उभ्या होत्या.

"या की आत," सरपंच म्हणाले.

"कशी येऊ? माझी पोर कुठं निजलीय तेच कळेना. पाय पडला तर तिच्यावर?"

सरपंचांनी खाली पाहिलं. ते हिरवळीच्या मधोमध उभे होते.